अनेकवचनी आडनाव

पुढे जे सांगणार आहे त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. गळ्याशपथ. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे त्यातलं मुख्य ते पुण्यात घडलं आणि मी तेव्हा रास अल खैमात होतो, पण फोनवर इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की बघितल्यासारखंच. आणि मी थापा मारत नाही. मारल्याच तर आधी सांगून मारतो. किंवा नंतर सांगतो.

शिवाय माझं नावच विश्वास. आणखी काय हवं तुम्हाला?

गाडी अडते ती आडनावापाशी. आडनाव डुकरे. विश्वास भीमराव डुकरे, मूळचा बार्शीचा, हल्ली मुक्काम रास अल खैमा, एका टाइल्सच्या कारखान्यात एकोणीस वर्षं. हसून घ्या. मी थांबतो, मला सवय आहे.

शाळेत हजेरी घेताना सर विचारायचे, "डुकरे, एकटाच आलास की बाकीची पण आहेत?" कारण बघा ना, आडनाव अनेकवचनी. माणूस एक आणि नाव आख्ख्या कळपाचं. कुलकर्ण्यांना असा त्रास आहे का? देशपांड्यांना आहे का?

लोक आखातात पगारासाठी येतात. मी आडनावासाठी आलो. इथे कुणाला अर्थ कळत नव्हता. मल्याळी फोरमन 'डुक्रे' म्हणायचा, पठाण ड्रायव्हर 'दुकरी साब', आणि रिसेप्शनवरची फिलिपिनो मुलगी पहिल्याच दिवशी 'गुड मॉर्निंग, सर ड्यूक' म्हणाली. बार्शीत डुकरे, इथे ड्यूक. मधे फक्त एक विमान.

एकोणीस वर्षं मी ड्यूक म्हणून सुखात होतो. मग पोर्चेल्ली आला.

आधी लादीचं सांगतो, नाहीतर माझं दुःख कळायचं नाही. आमच्या कारखान्यात मोठ्या लाद्यांची नवी लाइन बसवायची होती. दाराएवढी एक लादी, एकसंध, कुठे सांधा नाही. तिच्या मातीचं मिश्रण माझ्याकडे होतं. आठ महिने मी त्या मिश्रणात घालवले. भट्टीतून लादी बाहेर यायची ती पापडासारखी वाकडी. मी घरी पापड खाणं सोडलं. शेवटी एक दिवस लादी सपाट आली. ओल्या वाळूचा रंग, वर जरासुद्धा लहर नाही. मी तिच्यावर गाल टेकवला. ती अजून गरम होती, हे गाल टेकवल्यावर कळलं.

त्याच आठवड्यात मशीन लावून द्यायला इटलीहून साल्वातोरे पोर्चेल्ली आला. माझ्याच वयाचा, पण केसांसकट. ऑगस्टच्या उन्हात पांढरा लिननचा शर्ट, त्याला एक चुणी नाही. आम्ही गाडीतून उतरून गेटपर्यंत चाललो तरी भिजलेल्या टॉवेलसारखे दिसतो. हा माणूस भट्टीशेजारी उभा राहून नुकताच आंघोळ करून आल्यासारखा.

त्यानं माझ्या लादीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बेल्ला."

बस. 'सुंदर', एवढंच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आठ महिने, तो एक शब्द.

आणि मग सेल्सच्या लोकांना त्याचं आडनाव कळलं. पोर्सेलिनच्या टाइल्स आणि माणसाचं नावच पोर्सेली. तो बिचारा सुधारायचा, "च, च. पोर्चेल्ली." कोण ऐकतो? दुपारच्या चहापर्यंत त्याच्या खापरपणजोबांनी पोर्सेलिनचा शोध लावलेला होता. पोर्सेलिन चीनचं, हे मी सांगायला गेलो तर सेल्सचा मॅनेजर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ड्यूक, यू आर जेलस."

मी आणि जेलस? मुळीच नाही. मला फक्त तो माणूस, त्याचा शर्ट, त्याचे केस आणि त्याचं आडनाव आवडत नव्हतं.

आमचे जनरल मॅनेजर नबील, जॉर्डनचे. भला माणूस, सगळ्यांना हबीबी म्हणतो, ज्याला झाडतो त्याला दोनदा म्हणतो. त्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, "नव्या मालिकेचं नाव पोर्सेली कलेक्शन. यल्ला, कामाला लागा."

लादी माझी आणि खोक्यावर नाव त्याचं. एकोणीस वर्षांत माझं नाव कंपनीनं एकाच ठिकाणी छापलं होतं, गेटपासवर. तिथेही जागा पुरली नाही म्हणून 'विश्वास डी' एवढंच. तेव्हा ठरवलं, हे होऊ द्यायचं नाही. खोक्यावर नाव येईल तर माझं येईल. नाही आलं तर त्याचंही येणार नाही.

घरी येऊन सगळं सांगितलं. आमची मंजिरी म्हणाली, "जेवायला बोलवा ना त्याला. परदेशात एकटा आहे बिचारा."

"आपणही परदेशातच आहोत."

"आपल्याला सवय झाली."

शुक्रवारी तो आला. मी दारात उभा राहून घराकडे पाहिलं आणि मलाच आपण चुकून दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये शिरलो असं वाटलं. टेबलावर इस्त्रीचा टेबलक्लॉथ. भरली वांगी, अळूची भाजी, मोदकाच्या साच्यातून काढलेला भात. मी भरली वांगी मागितली की मला 'वांगी महाग आहेत' हे ऐकावं लागतं.

पोर्चेल्लीनं पहिला घास घेतला, डोळे मिटले (हा माणूस डोळे फार मिटायचा) आणि म्हणाला, "मंजिर्री, हे वांगं नाही, ही प्रार्थना आहे."

मंजिर्री. 'र' असा घोळवून घोळवून. मी बावीस वर्षं ते नाव घेतोय. त्या क्षणी वाटलं, इतकी वर्षं आपण चुकीचंच उच्चारत होतो.

मंजिरी तर विरघळलीच. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "किती छान आडनाव आहे हो त्याचं. पोर्चेल्ली. घंटा वाजल्यासारखं वाटतं. नाहीतर मी. चांगली सरदेशमुख होते, डुकरे झाले."

"लग्नानंतर बदलायची सक्ती नव्हती."

"सक्ती नव्हती, अक्कल नव्हती."

आमची सानिका, बारावीतली, तोंड दाबून हसली. पोर्चेल्लीला वाटलं जेवणाबद्दल काहीतरी चाललंय. त्यानं चमचा ठेवून विचारलं, "मिस्टर ड्यूक, तुमच्या आडनावाचा अर्थ काय हो?"

सानिकानं फोनमधून डोकं वर काढलं, जे ती भूकंपालाही करत नाही.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं होतं? इस्त्रीच्या टेबलक्लॉथवर खरं बोलायचं होतं?

मी म्हणालो, "दु म्हणजे दोन. कर म्हणजे हात. दुकरे. दोन हातांचे. आमचं घराणं कारागिरांचं. राजे लोक म्हणायचे, बाकीच्यांना हात असतात, पण हात म्हणावेत असे फक्त यांना."

मंजिरीला ठसका लागला. पाणी दिलं.

पोर्चेल्ली मात्र गंभीर झाला. त्यानं स्वतःचे दोन्ही हात वर करून उलटसुलट पाहिले. "दोन हात. मी ऐकलेलं सर्वांत सुंदर आडनाव."

"आणि तुमच्या आडनावाचा अर्थ?"

त्यानं आणखी एक वांगं वाढून घेतलं. "जुनं आहे. आमच्याकडे पुष्कळ आहेत. आमच्या गावच्या बाजारात पोर्चेल्ली म्हणून हाक मारली तर चार जण वळून बघतात."

"हो, पण अर्थ?"

"हे वांगं कशात शिजवलंय, मंजिर्री?"

मी त्याचा चेहरा बघितला आणि मला कळलं. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. आयुष्यभर कुणी अर्थ विचारला की मी जो चेहरा करतो, तोच.

तो लिफ्टमध्ये शिरेपर्यंत मी दम धरला. मग म्हणालो, "सानिका, बघ गं जरा शोधून."

तिला दोन मिनिटं लागली. "बाबा, इट्स फ्रॉम पोर्चेल्लो. लॅटिनमध्ये पोर्सेलस."

"म्हणजे काय?"

"पिगलेट. डुकराचं पिल्लू. अँड द 'आय' ॲट द एंड मेक्स इट प्लुरल." मग ती थांबली. फोन हळूच खाली ठेवला. "ओ माय गॉड, बाबा. ही इज अस."

खरं सांगतो, घरात इतकं हसणं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. सानिकानं नकाशा दाखवला, दक्षिण इटलीत पोर्चेल्लींचे ठिपकेच ठिपके. कुणा पूर्वजानं डुकरं पाळली असतील किंवा तो दिसायला तसा गुबगुबीत असेल, म्हणून लोकांनी टोपणनाव ठेवलं आणि ते पिढ्यान्पिढ्या चिकटलं. म्हणजे अगदी आमच्यासारखंच. तेही अनेकवचनीच. आणि एवढ्यावर थांबेल तर ती सानिका कसली? तिनं पोर्सेलिन या शब्दाचंही मूळ काढलं. इटलीत एका शंखकवडीला तिच्या पाठीच्या आकारावरून डुकराच्या पिल्लाचं नाव पडलं होतं. चिनी भांडी त्या कवडीसारखी चकचकीत, म्हणून त्यांना तेच नाव. म्हणजे गेली एकोणीस वर्षं मी जे भट्टीत भाजत होतो, त्यातही डुक्करच दडलेलं होतं.

तुम्हाला वाटेल मला आनंद झाला असेल. सातासमुद्रापलीकडे भाऊबंद सापडला, एका दुःखाचा वाटेकरी. कुठलं काय! उलट जास्तच जळलो. प्राणी एकच, तरी त्याचं नाव घेतलं की घंटा वाजते आणि माझं घेतलं की लोक नाकाला रुमाल लावतात? त्याच्या नावाला वांगी आणि माझ्या नावाला ठसका?

"पण त्याचं पिल्लू आहे ना," मंजिरी म्हणाली. "पिल्लं गोड असतात हो. तुम्ही पूर्ण वाढलेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नबीलच्या केबिनमध्ये. चेहऱ्यावर कंपनीच्या हिताची काळजी.

"सर, त्या नावाबद्दल जरा बोलायचं होतं. पोर्सेली म्हणजे काय, आपण तपासलंय का?"

सांगितलं. नबीलनी कॉफीचा घोट घेतला. "विश्वास हबीबी, आपल्या गिऱ्हाइकांना इटालियन येत नाही."

"इटलीच्या कंपन्यांना येतं, सर. दुबईच्या प्रदर्शनात त्यांचे स्टॉल आपल्यासमोरच असतात. ते आपल्या गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन सांगतील, स्वयंपाकघरात तू कुणाची पिल्लं बसवतोयस ठाऊक आहे का?"

नबीलनी कप खाली ठेवला. "खलास," म्हणाले आणि पोर्चेल्लीला बोलावून घेतलं.

मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो. आता हा पडेल, आता याच्या शर्टाला चुणी पडेल. नबीलनी नाव रद्द केल्याचं सांगितलं, कारणही सांगितलं. आणि तो माणूस खुर्चीत बसून खो खो हसायला लागला.

"देवाची कृपा. मला सांगायचा धीर होत नव्हता. शाळेत माझ्या दप्तरात मुलं बटाट्याची सालं टाकायची. म्हणायची, पोर्चेल्ली, डबा आणलाय तुझा. आणि आता तेच नाव तुम्ही खोक्यांवर छापणार. मला झोप येत नव्हती हो."

बटाट्याची सालं. माझ्या दप्तरात चिखल टाकायचे. क्षणभर मला स्वतःची लाज वाटली. अगदी खरोखर. पण क्षणभरच, कारण नबीलनी लगेच विचारलं, "मग नाव काय द्यायचं?"

आणि पोर्चेल्लीनं माझ्याकडे बोट केलं. "याचं द्या. लादी याची आहे. दुकरे. दोन हात."

नबीलनी तो शब्द तोंडात खजुरासारखा घोळवला. "दु-क्रे. फ्रेंच वाटतंय." तासाभरात मार्केटिंगवाल्यांनी माझ्या आडनावातला 'के' काढून 'सी' घातला, शेवटच्या 'ई'च्या डोक्यावर एक तिरपी रेघ मारली आणि झालं. ड्यूक्रे. सोनेरी अक्षरांत.

इथे मी तोंड उघडायला हवं होतं. नबील भला माणूस. म्हणायचं, सर, सगळं एकाच गोठ्यातलं आहे. पण ती सोनेरी अक्षरं समोर होती. माझे वडील आयुष्यभर शाळामास्तर, दारावरच्या पाटीवर त्यांनी 'भी. ना. गुरुजी' एवढंच लिहिलं, आडनाव लिहिलंच नाही. आणि इथे आमचं आडनाव सोन्यात.

मी एवढंच म्हणालो, "इन्शाल्ला."

प्रदर्शनात आमचा स्टॉल म्हणजे दरबार. मधोमध माझी लादी, वर ड्यूक्रे, आणि खाली मजकूर: 'दोन हात. भारतीय कारागिरांचं शतकानुशतकं चालत आलेलं घराणं.' मी नवा कोट घालून लादीशेजारी उभा राहिलो. आता लोक येतील, हात मिळवतील, विचारतील, आपणच का ते?

लोक आले. येताना हात पुढे करूनच आले. आणि सरळ पोर्चेल्लीकडे गेले.

"मिस्टर ड्यूक्रे? वंडरफुल स्टोन!"

त्यात त्यांची तरी काय चूक? केस त्याचे, शर्ट त्याचा, डोळे मिटणं त्याचं. पहिल्या दहा जणांना त्यानं 'नो, नो' करून माझ्याकडे पाठवलं. ते माझ्याकडे आले आणि मला विचारलं, टॉयलेट कुठे आहे? दुपारनंतर तो थकला आणि नुसता हसून मान डोलवायला लागला. संध्याकाळी एक बाई त्याच्याकडून 'ड्यूक्रे' अशी सही घेऊन गेल्या.

म्हणजे बघा. आधी त्याच्याकडे त्याचं आडनाव होतं, आता माझंही गेलं. आणि मला मत्सर कुणाचा वाटत होता? माझ्याच आडनावाचा. ते सेंट लावून, इस्त्री करून दुसऱ्याच्या अंगावर मिरवत होतं आणि मला ओळखही देत नव्हतं. बार्शीत कुणाला सांगितलं की ड्यूक्रे म्हणजे आम्हीच, तर कोण विश्वास ठेवील?

या मनःस्थितीत मी असताना मार्केटिंगची मेल आली. माल पुण्याला चाललाय, तिथल्या डीलरसाठी मोठा बोर्ड करायचाय. मराठी वाक्य भाषांतर करणाऱ्यांकडून आलंय, फक्त ब्रँडचं नाव मराठी लिपीत हवं. ऑफिसात मराठी तुम्हीच, कसं लिहायचं ते कळवा.

ड्यूक्रे लिहायला मला काय धाड भरली होती? लिहिता आलं असतं. 'ड्य'सुद्धा टाइप करून झाला होता. मग वाटलं, नाही. निदान महाराष्ट्रात तरी ते माझं आहे हे दिसू दे. तिथे पोर्चेल्ली सही द्यायला येणार नाही. मी 'ड्य' पुसला आणि ताठ मानेनं लिहिलं, डुकरे.

ते वाक्य काय होतं, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, हो ना? तुम्हाला आत्ता सुचलं. मलाही नंतर सुचलं.

वीस दिवसांनी पुण्याहून फोन. डीलर लिमये. लिमये रागावले की जास्तच शुद्ध बोलतात.

"डुकरे बोलताय का आपण?"

"हो, बोलतोय."

"म्हणजे आडनाव आहे तर. मला वाटलं धमकी आहे."

"काय झालं, लिमयेसाहेब?"

"काही नाही. सिंहगड रस्त्यावर आपला फलक लागला आहे. चाळीस फूट रुंद. वाचून दाखवू?"

"दाखवा."

"आता घरोघरी डुकरे."

मी खुर्चीत बसलो. आधीच बसलेलो होतो, तरी पुन्हा बसलो.

"खाली आणखी एक ओळ आहे," लिमये म्हणाले. "स्वयंपाकघरात, बैठकीत, देवघरातही. सकाळपासून दुकानात एकही टाइल विकली गेली नाही, फोन मात्र पुष्कळ आले. एका गृहस्थांनी विचारलं, तुम्ही पकडून नेता की आणून सोडता? एका सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी हरकत घेतली आहे. आणि फलकाखाली लोक फोटो काढण्यासाठी गाड्या थांबवत आहेत, त्यामुळे वाहतूक पार स्वारगेटपर्यंत तुंबली आहे."

"स्वारगेटपर्यंत?"

"तेवढं मी वाढवून सांगितलं. पण आपण समजून घ्या."

फोन ठेवतोय तोवर दुसरा वाजला. प्रसाद, मंजिरीचा धाकटा भाऊ, दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला राहतो. "दाजी, आमच्या मराठी ग्रुपवर एक फोटो फिरतोय. पाठवू का ताईला?"

"नको."

"पाठवला."

मग बार्शीहून वडील. शेजाऱ्याच्या फोनवर पाहिलं म्हणाले. मी श्वास रोखून बसलो.

"विश्वास, तो बोर्ड तुझ्या कंपनीचा?"

"हो, अण्णा."

त्यांनी शेजाऱ्याला फोटो मोठा करायला सांगितला. मग म्हणाले, "'डु' ऱ्हस्व लिहिलाय. माझ्या पेन्शनच्या कागदावर कायम दीर्घ यायचा. बरं वाटलं." आणि जरा थांबून, "पण घरोघरी कशाला? आपण एवढे नाही आहोत."

नबीलना मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. शाळेची हजेरी, दोन हात, सगळं. ते ऐकत राहिले. शेवटी एवढंच विचारलं, "म्हणजे एक डुक्कर काढून मी दुसरं आणलं?"

"हो, सर."

"आणि हे तुला आधीपासून माहीत होतं, हबीबी, हबीबी?"

दोनदा म्हणाले. मी मान खाली घातली.

बोर्ड उतरला. खोक्यांवर पांढरी चिकटपट्टी लागली आणि तिच्यावर आता नुसता नंबर आहे, बारा ब. लादी उत्तम खपतेय. कुणाच्याही नावाशिवाय.

पोर्चेल्ली निघायच्या दिवशी भेटायला आला. त्याला खरा अर्थ मी सांगितला. त्यानं माझ्याकडे टक लावून पाहिलं, म्हणाला, "तूसुद्धा?" आणि भर भट्टीशेजारी मला मिठी मारून 'कुजिनो, कुजिनो' करत राहिला. कुजिनो म्हणजे चुलतभाऊ. त्याच्या शर्टाला अखेर एक चुणी पडली. माझ्या घामामुळे का होईना.

तर असा हा किस्सा. आता यातलं बनावट काय, तेही सांगून टाकतो, कारण मी प्रामाणिक माणूस आहे. लिमये, बोर्ड, देवघर, ऱ्हस्व 'डु', सगळं खरं. वांगीसुद्धा खरी. खोटी आहे ती एकच गोष्ट. नबीलच्या केबिनमध्ये पोर्चेल्लीनं माझं आडनाव सुचवलं नव्हतं.

नबीलनी विचारलं, मग नाव काय? तेव्हा पोर्चेल्लीनं डोळे मिटले आणि म्हणाला, "मंजिर्री." सगळ्यांनाच ते छान वाटलं. नबीलनी कागदावर लिहूनसुद्धा घेतलं, मंजिरी कलेक्शन. आणि तेव्हा जो माणूस घाईघाईनं मध्ये पडून म्हणाला, "सर, त्यापेक्षा डुकरे कसं वाटतं? दोन हात," तो मी होतो.

आमची मंजिरी माझे किस्से कधीच शेवटपर्यंत वाचत नाही. म्हणून हे शेवटी लिहिलं.